हेरंबरावांचा वाजणारा कॅरियर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हेरंबराव धैर्यवान यांनी जन्मात एकच जाहीर भाषण केलं, आणि ते एका वाक्याचं होतं. त्या एका वाक्याची फळं साऱ्या घराने भोगली. मी तर गाडीच्या मागच्या सीटवर बसून भोगली. अजून माझा डावा कान सकाळी आधी शीळ घालतो आणि मग ऐकायला लागतो.

आडनाव धैर्यवान, पण स्वभाव असा की कचेरीत साहेबासमोर खोकला आला तर हे जिन्यात जाऊन खोकून परत येत. घरी वडिलांसमोर, म्हणजे अप्पांसमोर, तेवढंही नाही. अप्पा बसले असतील त्या खोलीतून हेरंबराव चपला हातात घेऊन जात. माणूस मात्र लाखात एक. कुणाचं वाईट चिंतणार नाही, आणि चांगलं चिंतलं तरी बोलून दाखवणार नाही. मला त्यांचा राग यायचा तो ह्या दुसऱ्या गोष्टीचा.

ठाकूरद्वारच्या एका गल्लीत धैर्यवानांचं दुमजली घर होतं. त्यात अकरा माणसं: अप्पा, त्यांच्या दोन विधवा बहिणी, हेरंबरावांचा धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांची चार मुलं, आणि हेरंबराव नि माझी कालिंदीताई. खोल्यांमधल्या भिंती फळ्यांच्या, आणि त्याही छताला पोचायच्या आधीच दमलेल्या. एका खोलीत कुणी कूस बदलली तर तिसऱ्या खोलीतून आत्या विचारायच्या, "झोप येत नाही का गं?" अशा घरात नवराबायकोने आपसात बोलायचं तरी कुठे? चिठ्ठी लिहावी तर ती आधी अप्पांच्या हाती पडून, शुद्धलेखन सुधारून परत यायची.

ह्यावर त्या दोघांचा एकच तोडगा होता. फाटकाच्या आत उभी असलेली जुनी हिलमन गाडी. आठवड्यातून एकदा तिला पळवलं नाही तर बॅटरी बसते, असं हेरंबरावांनी घरात पसरवलं होतं. ताईला बरोबर न्यायचं कारण म्हणजे वरळी कोळीवाड्यातली मासळी. "मला शिळ्या पापलेटाचे डोळे ओळखता येत नाहीत," असं ते अप्पांना सांगत. पाठारे प्रभूंच्या घरात जन्मून हे कबूल करायचं म्हणजे केवढी बेअब्रू! पण ती त्यांनी दर रविवारी पत्करली, कारण हाजीअलीच्या पुढे रस्ता मोकळा लागला की ती दोघं बोलू लागत. समोरासमोर बसून हेरंबरावांना कुणाशी बोलता येत नसे. गाडी वेगात आणि नजर रस्त्यावर असली की यायचं. ताई मला म्हणायची, "रमाकांत, माझा संसार रविवारी पाच ते सहा असतो."

त्या संसारावर कॅरियर आला.

सत्तावन सालच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचाराला गाडी पाहिजे होती. तेव्हा मुंबईत स्वस्थ कोण बसलं होतं? हेरंबरावांच्या आत्याबाईसुद्धा भाजी निवडता निवडता घोषणा द्यायच्या. अप्पांनी गाडी देऊ केली. मग लालबागच्या एका गिरणीतला फिटर बुधाजी आला आणि त्याने भंगारातल्या नळ्या जोडून टपावर एक कॅरियर बसवला. त्यावर लाउडस्पीकरचे दोन कर्णे चढले. शेवटच्या सभेला वक्ते यायला उशीर झाला, तेव्हा बुधाजीने गाडीचा मालक म्हणून हेरंबरावांच्या हातात माईक दिला आणि म्हणाला, "जरा बोलून बघा, चालता काय तो."

हेरंबरावांनी फक्त एक, दोन, तीन म्हणायचं होतं. पण समोर चारशे माणसं पाहून त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ते ओरडले, "जोवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होत नाही, तोवर हा कॅरियर माझ्या गाडीवरून उतरणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवसांत लोकांनी चहा सोडला होता, साखर सोडली होती, अनवाणी फिरण्याचे पण केले होते. कॅरियर न सोडण्याचा पण हा पहिलाच. दुसऱ्या दिवसापासून हेरंबराव गिरगावात प्रसिद्ध झाले. निवडणूक संपली, कर्णे उतरले, कॅरियर राहिला. तो पुढे साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला तेव्हाच उतरला, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे "काढून का नाही टाकला?" असं मधेच कुणी विचारायला नको. आम्हाला ते रोज विचारलं जायचं.

कर्णे होते तोवर गाडी ताशी दहा मैलांच्या वर गेलीच नव्हती. निवडणुकीनंतरच्या पहिल्या रविवारी ती दोघं वरळीला निघाली, हाजीअलीच्या पुढे हेरंबरावांनी वेग वाढवला आणि टपावर कुणीतरी गुणगुणायला लागलं. ताईला वाटलं विमान आलं. हेरंबरावांनी गाडी थांबवली, आवाज थांबला. सुरू केली, पुन्हा आला. बुधाजीच्या नळ्या पोकळ होत्या, त्यांना जागोजाग जुनी भोकं होती, आणि वारा त्यांत शिरून हवं ते करत होता. आणखी वेग वाढवला तर गुणगुणण्याची शीळ व्हायची आणि शिळेचा शंख. खिडक्या बंद केल्या तर शंख गाडीच्या आत यायचा. एकमेकांच्या कानाशी तोंड नेलं तरी शब्द ऐकू येईना.

वेग कमी ठेवावा, तर तोही मार्ग बंद झाला होता. हळू जाणारी गाडी दिसली की फुटपाथवरून लोक हाक मारत, "काय धैर्यवान! आहे ना कॅरियर?" मग थांबणं, नमस्कार, भाषावार प्रांतरचनेवर पंधरा मिनिटं. आणि वरळीला गाडी उभी राहिली की हेरंबराव लगेच बॉनेटवर चढून कॅरियर तपासायला लागत. ताई खाली उभी राहून त्यांच्या बुटांकडे बघत बसे.

मग हेरंबराव हात धुऊन त्या आवाजाच्या मागे लागले, आणि मी दादरला एकटा राहतो, रविवारी बहिणीकडे जेवायला येतो, म्हणून मला मागच्या सीटवर बसवून हातात वही दिली. किती मैलांवर कोणता आवाज, हे मी लिहायचं. ती वही अजून माझ्याकडे आहे. "तेवीस: गुणगुण. सत्तावीस: शीळ. एकतीस: शंख. चौतीस: पुढे ऐकवत नाही."

आधी नळ्यांच्या टोकांना बुचं मारली. त्याने आवाज चढला. भोकांत मेण भरलं, ते उन्हात वितळून अप्पांच्या टोपीवर पडलं. गिरगावातल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याला गाडीत बसवून नेलं. त्याने मांडीवर छोटी पेटी घेतली, सूर लावून बघितला आणि डोळे मिटून म्हणाला, "काळी चार. किंचित चढी आहे. कानस मारली की बरोबर लागेल."

"मला लावायचा नाही, बंद करायचाय," हेरंबराव ओरडले.

"बंद कशाला करता? एवढा लांब श्वास माणसाच्या छातीत नसतो!" म्हणाला आणि गाडीतून उतरेपर्यंत त्या सुरावर यमन म्हणत राहिला.

मग कॅरियरवर गादी बांधून पाहिली. ती वरळीच्या वळणावर सुटली आणि एका व्हिक्टोरियाच्या घोड्यापुढे पडली. घोडा तिच्याकडे बघून जो थांबला तो गादी उचलेपर्यंत हलला नाही. बिचारा आयुष्यात पहिल्यांदाच गादी पाहत असावा. शेवटी बुधाजीला बोलावलं. त्याने कॅरियरभोवती फेरी मारली, विडी पेटवली आणि निकाल दिला, "वारो आसा तो, साहेबानू. वाऱ्याक कोण अडवतलो?" गिरणीत बारा-बारा तास साच्यांच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस तो. त्याला आमचा आवाज ऐकूसुद्धा आला नव्हता.

असं वर्ष गेलं. मी हसण्यावारी नेत होतो. पण अठ्ठावनच्या मे महिन्यात दादरला माझ्या पत्त्यावर ताईच्या नावाचं पत्र आलं आणि माझं हसू मावळलं. दादरच्या एका मुलींच्या शाळेत तिने गुपचूप अर्ज केला होता. शाळेने तिला शिक्षिका म्हणून घेतलं होतं. होकार सोमवारी, दोन जूनला, सकाळी अकराच्या आत कळवायचा होता. धैर्यवानांच्या घरातली सून नोकरीला गेल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. अकरा माणसांच्या कानावर जायच्या आधी तिला नवऱ्याचा शब्द हवा होता.

"मी सांगू भाऊजींना?" मी विचारलं.

"शपथ आहे तुला. दुसऱ्याने सांगितलं की तो निरोप होतो. मला त्यांच्याशी बोलायचंय," ताई म्हणाली. पत्र तिने पोलक्यात ठेवलं आणि चार रविवार तसंच वरळीला जाऊन परत आलं. मी मागे बसलेला असायचो. गाडीने वेग घेतला की ती खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत राही. मला वाटे, बिचारी रामरक्षा म्हणतेय.

शेवटचा रविवार आला एक जूनला, आणि नेमकी त्याच दिवशी वटपौर्णिमा.

धैर्यवानांकडे बाजारातून वडाची डहाळी आणून ती कुंडीत खोचून पुजायची पद्धत. त्या वर्षी थोरल्या आत्यांनी फर्मावलं, "एवढा कॅरियर आहे गाडीवर, तर फांदी जरा मोठी आणा." नायगावात रस्त्यावर आलेले वड छाटत होते. तिथून हेरंबराव नि मी एक फांदी आणली. ती कॅरियरवर पुढे बॉनेटपर्यंत आणि मागे डिकीपर्यंत लोंबत होती. फाटकातून गाडी कशीबशी आत आली. पण फांदी काही जिन्यातून वर जाईना. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली. वर बायका नथी घालून, उपाशीपोटी खोळंबलेल्या. शेवटी आत्यांनी जिन्यावरूनच निर्णय दिला, की फांदी आहे तिथेच असू द्या, गाडीलाच बुंधा समजा.

आता त्या बुंध्यात अप्पा होते. घरात पेपर धड वाचता येत नाही म्हणून ते रोज उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसून वाचत. त्यांना उतरायला सांगितलं, तर म्हणाले, "पूजा झाडाची आहे. माझा काय संबंध?" आणि त्यांनी पान उलटलं.

ताई, तिची जाऊ आणि शेजारपाजारच्या सात जणी. नऊ जणींनी सुताच्या गुंड्या घेऊन गाडीला प्रत्येकी सात फेरे घातले. बॉनेटला हळदकुंकू लागलं, दिव्यांवर अक्षता पडल्या, सूत दाराच्या कड्यांवरून, काचांवरून, आरशांवरून फिरत गेलं. एका शेजारणीने भाबडेपणाने खिडकीतून अप्पांच्याही कपाळाला गंध लावलं. त्रेसष्ट फेरे झाले, आणि मग अप्पांना भूक लागली.

दार उघडेना. कुणीतरी कात्री आणली, तिच्यावर आठ जणी धावून गेल्या. वडाला गुंडाळलेलं सूत तोडायचं? नऊ नवऱ्यांच्या आयुष्याचा प्रश्न! नऊपैकी जे दोन नवरे तिथे हजर होते त्यांनीही हात जोडले. शेवटी अप्पांचं ताट खिडकीतून आत गेलं आणि त्यांनी सौभाग्याच्या सुतात बसून वरणभात, लोणचं, ताक असं सावकाश आटोपलं.

तोडगा ताईनेच काढला. फांदी हळूच ओढून डिकीत कोंबली, अर्धी बाहेर राहिली. मग स्टुलावर चढून ताईने सुताचे सैल वेढे न तोडता एकेक वर सरकवले आणि कॅरियरच्या आडव्या नळ्यांवर पीळ देत गुंडाळत गेली, गुंडाळत गेली. कमरेएवढ्या उंचीवरचं सौभाग्य टपावर गेलं आणि दारं मोकळी झाली. तोवर जेवण झालेले अप्पा मागच्या सीटवर गाढ झोपले होते.

पाच वाजता फांदी समुद्रात सोडायला आम्ही निघालो. पुढे हेरंबराव आणि ताई, मागे मी आणि घोरणारे अप्पा. ताईचा चेहरा उपासाने आणि उद्याच्या अकराने पार उतरला होता. हाजीअली मागे पडलं. हेरंबरावांनी वेग वाढवला. मी सवयीने वही उघडली.

तेवीस. काही नाही. मला वाटलं कान बसले. सत्तावीस. काही नाही. एकतीस झाले, चौतीस झाले. टायरांचा आवाज, समुद्राचा आवाज, अप्पांचं घोरणं. टपावर चिडीचूप! पीळ घातलेल्या सुताला ओलांडताना वाऱ्याचा सूरच मोडला असावा. एवढा खटाटोप करून जे जमलं नव्हतं ते बायकांच्या फेऱ्यांनी केलं होतं. हेरंबरावांच्या मानेवर काटा आलेला मला मागून दिसला. त्यांनी श्वास रोखून धरला होता. बोललो तर आवाज परत येईल ह्या भीतीने मीही गप्प.

ताईचं मात्र लक्ष नव्हतं. तिने दर रविवारसारखं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि शंखात बुडून जाईल अशा भरवशाने, चांगल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"अहो, मला नोकरी लागलीय. दादरच्या मुलींच्या शाळेत. उद्या अकराच्या आत कळवायचंय, आणि मी नाही म्हणून कळवणार आहे. कारण तुम्ही हो म्हणणार नाही, आणि तुम्ही हो म्हणणार नाही कारण अप्पांना विचारायची तुमची छाती नाही. मला मुलींना शिकवायचंय हो. डोळे मिटले की मला फळा दिसतो. नऊ वर्षं झाली आपल्या लग्नाला, आणि ह्या अकरा माणसांत मी एकटी आहे. आज तुमच्यासाठी सात फेरे घातले. मनात म्हटलं, सातही जन्म हेच द्या देवा, पण त्यातला एखादा तरी बोलणारा द्या."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती पडल्याचा आवाज ऐकू आला, तसं ताईने दचकून वर, टपाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पदर तोंडावर घेतला.

हेरंबरावांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"हे तू दर रविवारी म्हणत होतीस?"

"दर रविवारी. आधी दुसरं काहीबाही असायचं, महिनाभर हे."

"मला वाटायचं रामरक्षा म्हणतेस."

"तुम्ही मान डोलवायचात," ताई रडत म्हणाली, "मला वाटायचं, थोडंफार पोचत असेल."

"मी त्या सुरावर डोलवत होतो," हेरंबराव म्हणाले. आयुष्यात कुणी इतकं लाजिरवाणं सत्य इतक्या सरळ बोललेलं मी ऐकलेलं नाही.

"नोकरी कायम की हंगामी?"

आम्ही तिघेही दचकलो. अप्पा डोळे मिटूनच बोलले होते. त्यांचं घोरणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नव्हतं.

"कायम," ताई पुटपुटली.

हेरंबरावांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. ते मागे वळून म्हणाले, "अप्पा, तुम्ही सांगाल तसं करू."

अप्पांनी डोळे उघडले. कपाळावरच्या गंधाला वाळून पोपडे धरले होते. "मी कशाला सांगू? मला विचारलंय का तिने? तुझ्या आईला सायकल शिकायची होती. मला विचारलं तिने, आणि मी म्हटलं, वडिलांना विचारून सांगतो. ती गेली, वडील गेले. मी अजून विचारायचाच आहे."

मला त्या क्षणी बुधाजीच्या नळ्यांची फार आठवण झाली. निदान ऐकू आलं नाही असं तरी म्हणता आलं असतं. हेरंबरावांची बोटं स्टिअरिंगवर उघडत होती, मिटत होती. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही त्या शिव्या दिल्या.

"होकार लिही," ते म्हणाले. "मी पोचवायला येतो."

"मोठ्याने बोल," अप्पा म्हणाले. "घरी अजून आठ जणांना सांगायचंय तुला."

"होकार लिही!" हेरंबराव इतक्या मोठ्याने ओरडले की बंधाऱ्यावर बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली.

ताईने पुढे सव्वीस वर्षं त्या शाळेत शिकवलं. घरी आत्यांनी दोन दिवस अन्न सोडलं आणि तिसऱ्या दिवशी धरलं, ते सगळं यथासांग झालं. हेरंबराव फार बोलके झाले असंही नाही. पण मला त्यांच्या आयुष्यातलं एवढंच सांगायचं होतं. मी वहीचा एक कोरा कागद फाडून दिला आणि ताई तिथेच, वरळीच्या समुद्राच्या वाऱ्यात, गाडीच्या बॉनेटवर वाकून होकार लिहू लागली. कागद फडफडत होता, आणि हेरंबराव समोर उभे राहून दोन्ही हातांनी त्याची टोकं दाबून धरत तिला विचारत होते, "कोणत्या इयत्तेला शिकवणार गं तू?"